शेपटीवरचा थेंब

अगं मोजणी,

पत्राची सुरुवात कशी करावी यावर मी अर्धा कागद फुकट घालवला, तेव्हा आता सरळ सुरू करते. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, 'सप्रेम' लिहिलं तर कागद बाजूला ठेवशील. कशी आहेस वगैरे विचारत नाही. ठीक असशील. ठीक नसलीस तरी मला सांगणार नाहीस, आणि त्यात तुझं काही चुकत नाही.

मी तुझी गोष्ट लिहायला बसलेय. तसा अधिकार मला नाही, पण सतरा वर्षं एका टेबलाशी बसलेलं दुसरं कुणी नाही, म्हणून मीच. इथून पुढे तू 'ती' आणि मी 'थोरल्या बाई'. सगळी लॅब मला त्याच नावानं ओळखायची. 'मी' म्हणून लिहायला गेले की दर चौथ्या वाक्याला मी माझीच वकिली करते, हे तीन कागद फाडल्यावर लक्षात आलं. तुझ्या मनातलं मला कसं कळलं म्हणशील, तर काही तू त्या दिवसांत बोललीस, काही पुढे तुझ्या नवऱ्यानं मला दुकानात उभं करून ऐकवलं. बाकीचं तुझ्या तोंडावर लिहिलेलं असायचं, ते वाचायला मायक्रोस्कोप लागत नव्हता. चुकलं असेल तिथे खोडून टाक.

मोजणी हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते तिला रुग्णालयाच्या रक्ततपासणीच्या खोलीनं दिलं. चोवीसाव्या वर्षी ती कामाला लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात पेशी मोजणारं मशीन बंद पडलं. दुरुस्त करणारा यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस तिनं हातातल्या टिकटिक यंत्रावर एकेक पेशी मोजून सगळ्या वॉर्डांचे रिपोर्ट दिले, तेही वेळेवर. चौथ्या दिवशी मशीन सुरू झालं, पण डॉक्टर जिन्यावरून ओरडत राहिले, "मशीनचं राहू द्या हो, ती मोजणी कुठेय?"

मोजायची खोड जन्मजातच होती. जिन्याच्या पायऱ्या, खिडकीचे गज, समोरच्याच्या शर्टाची बटणं. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. लग्नाआधी पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा तो अठरा वेळा 'म्हणजे' म्हणाला, आणि निघताना तिनं तो आकडा त्याला सांगितला. तरी त्यानं होकार कळवला, यात त्याचा सगळा स्वभाव आला. दिवसभर तोही एका डोळ्यानं भिंगात बघणार आणि तीही. "आमच्याकडे जवळचं सगळं दिसतं, लांबचं कुणालाच नाही," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

तपासणीची खोली तळमजल्यावर होती. लांबलचक काळं टेबल, रंगांनी जांभळं झालेलं बेसिन, नळ्यांचे स्टँड, स्पिरिटचा वास, आणि उत्तरेकडे एकच मोठी खिडकी. त्या खिडकीजवळची खुर्ची थोरल्या बाईंची होती. मोजणी आल्यावर सहा महिन्यांनी बाईंनी आपणहून ती तिला दिली. "तुझे डोळे तरुण आहेत, त्यांना उजेड मिळू दे," म्हणाल्या. काचेवर रक्ताचा थेंब ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेनं तो एका झटक्यात पुढे कसा ओढायचा, हे बाईंनीच तिचा हात हातात धरून शिकवलं. तिचे वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा तीन दुपारी बाई त्यांच्या उशाशी बसल्या, म्हणून ती कामावर येऊ शकली. घरी ती नवऱ्याशी बोलायची त्याहून जास्त बाईंशी बोलायची. हे सगळं आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं किती लागलं असेल याचा अंदाज येईल.

आता थोडं कामाचं. थेंब ओढला की काचेवर रक्ताचा पातळ पदर तयार होतो. सुरुवातीला जाड, मध्ये विरळ, आणि शेवटाला जिभेसारखा निमुळता. त्या शेवटाला खोलीत सगळे शेपटी म्हणायचे. मधल्या विरळ भागात पेशी सुट्यासुट्या दिसतात, म्हणून मोजायचं तिथे. पण जे काही मोठं किंवा एकमेकांना चिकटलेलं असेल ते ओढताना शेपटीकडे ढकललं जातं. काही माणसांचं रक्त नळीशी जमवून घेत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, आणि त्या औषधानेच अशा माणसांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात. अंगात सगळं सुरळीत, नळीत मात्र गुठळ्या. मशीनला त्या मोजता येत नाहीत, ते बिनदिक्कत 'कमी' म्हणून आकडा छापतं. खरं काय ते शेपटी सांगते.

म्हणून जुन्या मोठ्या डॉक्टरांनी नियम घालून दिला होता. लहान मुलाच्या प्लेटलेट्स कमी आल्या की त्याची स्लाइड दोघींनी, अख्खी, वेगवेगळी बघायची आणि दोघींनी सही करायची. ते निवृत्त झाले, थोरल्या बाई खोलीच्या प्रमुख झाल्या आणि कामाचा ढीग वाढला. बाईंना मुळात हळू कामाचा कंटाळा. त्यांनी नियमाला कात्री लावली. "मधलं तुझं, शेपटी माझी. दोघींनी तेच ते दळत बसायचं कशाला?" फॉर्मवर दोन ओळी आल्या. पहिली, 'संख्या आणि आकार', त्यापुढे मोजणीची सही. दुसरी, 'गुठळ्या आहेत की नाहीत', त्यापुढे थोरल्या बाईंची. मोजणी माणूस नियमाचं. मधलं म्हणजे मधलंच. दुसऱ्याच्या वाटणीत नाक खुपसणं म्हणजे बाईंवर संशय घेणं, असं तिला वाटायचं.

आणि लहान मुलांत हे एवढं जपायचं कारण असं. साधी सर्दी येऊन जाते आणि पंधरा दिवसांनी पोराच्या पायावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उठतात, कुठे आपटलं नसताना निळे डाग पडतात. शरीराचा पहारा सर्दीशी लढता लढता गोंधळतो आणि आपल्याच प्लेटलेट्सना शत्रू समजून मारायला लागतो. दीड-दोन लाख असायला हव्यात त्या दहा हजारांवर येतात. आईबापांची पाचावर धारण बसते. पण बहुतेक मुलांत हे लचांड काही आठवड्यांत, फार तर वर्षभरात आपलं आपण मिटतं. नुसते ठिपके असले आणि कुठून रक्त वाहत नसलं, तर शहाणा डॉक्टर औषधही देत नाही, नजर ठेवतो. अडचण एवढीच, की 'हेच ते' असं छातीठोक सांगणारी एकही तपासणी नाही. बाकीचं काही नाही ना, हे एकेक करून बघायचं आणि शेवटी उरेल त्याला हे नाव द्यायचं. त्यातली पहिली पायरी, प्लेटलेट्स खरोखरच कमी आहेत ना? ती पायरी या दोघींची होती.

भिंगरी पाच वर्षांची होती. एका जागी ठरायची नाही म्हणून आईनं ठेवलेलं नाव. आई शाळेच्या बसवर मुलांना चढवायच्या-उतरवायच्या कामावर होती, बाप लांबच्या गाड्या चालवायचा आणि महिन्यातले आठ दिवस घरी असायचा. भिंगरीचे टॉन्सिल काढायचे होते, त्याआधीची साधी रक्ततपासणी. मशीननं प्लेटलेट्स छापल्या नऊ हजार. ऑपरेशन रद्द. मुलांच्या डॉक्टरांनी पोरीला उघडं करून तपासलं, कुठे एक ठिपका नाही. त्यांनी फाइलवर लिहिलंसुद्धा, 'ठिपके नाहीत, आश्चर्य', आणि खाली लॅबला स्पष्ट विचारलं, 'खरंच कमी आहेत का?'

उत्तर गेलं. मोजणीची ओळ: 'संख्या फार कमी'. मधल्या भागात खरोखरच चारदोनच दिसत होत्या, बाकीच्या शेपटीला जाऊन बसल्या होत्या. थोरल्या बाईंची ओळ: 'गुठळ्या नाहीत'.

दोन सह्या बघून डॉक्टरांचं आश्चर्य संपलं. पोरीला दुखणं चिकटलं.

पुढचे चौदा महिने मोजणीनं भिंगरीला खिडकीतून मोठं होताना पाहिलं, म्हणजे रुंद होताना. आधी डॉक्टरांनी वाट पाहिली. आकडा हलेना. आठ हजार, अकरा, सात. हाडातला मगज काढून तपासला. कारखाना ठीक होता, म्हणजे तयार होऊन बाहेर आलेला माल कुणीतरी मारतंय, असाच अर्थ निघाला. मग स्टेरॉइड. पोरीचं तोंड सुजून गोल झालं, ती दिवसातून सहा वेळा जेवायला मागायची आणि मिळालं नाही की आईला चावायची. एकदा लॅबच्या दाराच्या काचेत स्वतःला बघून तिनं आईला विचारलं, "ही कोण?" सलाईनमधून दोन दिवस भारीतलं औषध दिलं. तरी नऊ हजार. सायकल बंद, दोरीवरच्या उड्या बंद, शाळेत मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेच्या खुर्चीशेजारी बसायचं. आईनं बसवरचं काम सोडलं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या नळ्यांच्या स्लाइड्स कुणी बघत नव्हतं, कारण निदान तर पहिल्या वेळीच झालं होतं. आकडा मशीनमधून निघायचा आणि सरळ फाइलला लागायचा.

शेवटी ठरलं, प्लीहा काढायची. डाव्या बरगड्यांखाली असते, मारलेल्या प्लेटलेट्स तिथेच गिळल्या जातात. ती काढली तर आकडा वाढेल, आणि पोरगी जन्मभर संसर्गाला जपत राहील. आधीच्या लसी टोचून झाल्या. ऑपरेशन बुधवारी होतं. आदल्या गुरुवारी सकाळी शेवटचं रक्त घ्यायला आई तिला घेऊन आली.

रक्त काढायला टोचणकाका होते. नोकरीत सगळ्यांहून जुने, बोलणं सुईसारखंच. ते स्वतः नळी घेऊन मोजणीच्या टेबलाशी आले.

"मोजणीबाई, तुमच्या मशीनचं डोकं फिरलंय की माझं?"

"काय झालं काका?"

"सुई काढली, कापूस ठेवेपर्यंत रक्त बंद. पोरगी मलाच म्हणते, काका पट्टी नको, ओढताना दुखते. चौदा महिने टोचतोय मी हिला. एक निळा डाग दाखवा मला. आठ हजारवाल्या पोरांचे हात मी बघितलेत, वांग्यासारखे होतात."

"मग आधी का नाही बोललात?"

"मला विचारतं कोण? माझी नजर सुईपुरती. नजरवाल्या तुम्ही."

मोजणीनं त्या नळीची स्लाइड केली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं काच सरकवून बाईंच्या हद्दीत नेली. शेपटीला गुठळ्याच गुठळ्या होत्या, द्राक्षांच्या घोसांसारख्या. ती धावत बाहेर गेली आणि बाकावरच्या भिंगरीच्या बोटाला टोचून, नळी-औषध काही मध्ये न आणता, थेंब थेट काचेवर घेतला. या काचेवर प्लेटलेट्स सगळीकडे, जितक्या हव्यात तितक्या, सुट्या. मग निळ्या टोपणाच्या नळीत दुसरं रक्त घ्यायला लावलं, त्या नळीत औषध वेगळं असतं. मशीननं छापलं, दोन लाख चाळीस हजार. तिनं तीनदा लावून बघितलं, तीनदा तेच आलं.

पोरगी आजारी नव्हती.

त्या क्षणी तिला फक्त आनंद झाला, हे मुद्दाम सांगते. खुर्चीत एकदा उडालीच ती. बाईंना कधी एकदा सांगते असं झालं. उठता उठता तिच्या मनात आलं, पण मग गेल्या वर्षी या गुठळ्या कशा नव्हत्या? रक्ताचा असा स्वभाव नंतरही होतो का? बाईंना विचारायचंच तर जुनी काच हातात असू दे. लहान मुलांच्या अशा स्लाइड्स टाकायच्या नाहीत हा जुन्या डॉक्टरांचा आणखी एक नियम, त्यामुळे लाकडी पेटीत भिंगरीची पहिली काच होती.

मोठ्या भिंगातून बघताना काचेवर देवदाराच्या तेलाचा थेंब टाकावा लागतो. या खोलीत तो कुणी पुसायचं नाही, काच तशीच पेटीत जायची, आणि थेंब वाळून पिवळट गोल डाग राहायचा. भिंगरीच्या काचेवर मध्यभागी तिचा स्वतःचा डाग होता. शेपटीवर काहीच नव्हतं. स्वच्छ, कोरडी काच.

तिनं तिथे थेंब टाकला आणि बघितलं. घोस होते. चौदा महिने तिथेच होते.

माणूस कसं असतं बघा. तिनं आधी बाईंचीच बाजू घेतली. बिनतेलाच्या छोट्या भिंगातून बघितलं असेल. तिनंही छोटं भिंग लावलं. त्यातूनही घोस दिसत होते, आंधळ्यालाही ठेच लागावी इतके. मग तिनं पेटीतली दुसरी काच काढली. शेपटी कोरडी. तिसरी, कोरडी. दुपारपर्यंत तिनं पेटीतल्या सगळ्या काचा उजेडासमोर तिरप्या धरल्या. वाटणी झाल्यानंतरचे पहिले चार महिने शेपटीवर तेलाचे डाग होते. त्यानंतरच्या, जवळपास अकरा वर्षांतल्या दोनशे बारा काचांत एकाही शेपटीवर तेल नव्हतं. सही मात्र प्रत्येक फॉर्मवर होती, टपोरी, वळणदार, खाली एक ठाम रेघ.

थोरल्या बाई काचेच्या केबिनमध्ये पुढच्या महिन्याच्या ड्यूट्या लावत होत्या.

"बाई, ही शेपटी तुम्ही बघितली होती?"

"कुठली ती? सही आहे ना माझी? मग बघितली असणार."

"तेल नाही."

"पुसलं असेल कुणी."

"मधलं माझं तसंच ठेवून शेपटीचं तेवढं पुसलं? दोनशे बारा काचांवरचं?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. डोळे शाबूत होते त्यांचे, हात कापत नव्हते, घरी कुणी आजारी नव्हतं. सबब म्हणावी अशी एकही गोष्ट नव्हती. घाई होती आणि कंटाळा होता. अकरा वर्षांत एकदाही काही बिघडलं नव्हतं.

"अगं, तू बघितल्यावर मी काय बघायचं होतं? तुझं कधी चुकलंय? तुझ्यावर विश्वास टाकला, हा काय गुन्हा झाला?"

मोजणीला शिव्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला मिळालं प्रशस्तिपत्रक. आपला चोखपणा पुढे करून कुणीतरी अकरा वर्षं निवांत बसलं होतं, आणि आता त्याच चोखपणाची तिला शाबासकी देत होतं. वडिलांच्या उशाशी बसलेल्या त्या तीन दुपारीसुद्धा तिला क्षणभर खोट्या वाटल्या. त्या खोट्या नव्हत्या. पण तसं तिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

"मी मधलंच बघायचे, बाई. शेपटी तुमची म्हणून."

"मग जरा खाली सरकून बघायला काय झालं होतं?"

हे थोरल्या बाई बोलल्या. शब्दशः हेच बोलल्या. आणि वर म्हणाल्या, "हे बघ, दोनशे बारा. बाकी सगळ्यांचं निदान बरोबरच निघेल. दोनशेत एक."

"तिच्या आईला एकातली एक आहे," मोजणी म्हणाली आणि भिंगरीची काच उचलून वरच्या मजल्यावर मुलांच्या डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर खाली आले, भिंगात डोळा घालून खूप वेळ बसले. माणूस भला होता. उठले तेव्हा कपाळ घामानं चमकत होतं. बुधवारचं ऑपरेशन त्यांनी तिथूनच फोन करून रद्द केलं. मग ते बाईंच्या केबिनमध्ये गेले आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीची आई मोजणीला जिन्यात भेटली. तिनं मोजणीचे दोन्ही हात धरले.

"ताई, गुण आला! औषधाला उशिरा का होईना, गुण आला! तुमच्या बाईंनी स्वतः बोलावून सांगितलं. म्हणाल्या, कधीकधी असं अचानक होतं. देवमाणूस आहेत हो. आणि तुम्ही सगळे."

मोजणीला हात सोडवून घ्यायलाही जमेना. केबिनमध्ये आदल्या दिवशी काय ठरलं ते तिला तिथे, जिन्याच्या नवव्या पायरीवर कळलं. फाइलवर लिहिलं होतं, 'बरी झाली'.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे घड्याळ बरोबर चालत होतं, आणि आपण ते खोलून बसलो."

"खोलून, आणि वर म्हणतोय की आम्ही दुरुस्त केलं."

"आई खूश आहे ना पण? पोरगी वाचली."

"कशी वाचली? उद्या दुसऱ्या गावी पडली-झडली, कुणी जांभळ्या नळीत रक्त घेतलं, की पुन्हा आठ हजार. फाइलवर दुखण्याचं नाव तयारच आहे. पुन्हा तेच सगळं पहिल्यापासून. तिला कळायलाच हवं."

"मग सांग जाऊन."

"माझं निम्मं सांगेन. दुसरं निम्मं माझं नाही."

अकरा वेळा 'म्हणजे' म्हणून झाल्यावर नवऱ्याला पटलं. तिनं मोजले असणार.

ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली आणि हलली नाही. त्यांनी एका कार्डावर लिहून दिलं, की या मुलीचं रक्त जांभळ्या नळीत गुठळ्या करतं, निळी नळी वापरावी, प्लेटलेट्सचा कोणताही आजार नाही. सही करताना त्यांनी मान वर केली नाही. मग ती बाईंकडे गेली.

"रविवारी आपण दोघी तिच्या घरी जाऊ. कार्ड देऊ. माझं मी सांगेन, तुमचं तुम्ही."

"जाऊ की. अकरा वाजता, औषधाच्या दुकानासमोरच्या स्टॉपवर."

रविवारी मोजणी पावणेअकराला स्टॉपवर होती. सात बस गेल्या. आठवी आली तेव्हा ती एकटी चढली.

घर दोन खोल्यांचं. भिंगरी खिडकीच्या कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. मोजणीनं आईला खाली बसवलं आणि साध्या शब्दांत सांगितलं. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं.

"म्हणजे ती आजारी नव्हतीच?"

"नव्हती."

"एक दिवससुद्धा?"

"एक दिवससुद्धा नाही."

"मी तिला दाराच्या पायरीवरून उडी मारू दिली नाही हो. एकदा मारलीन् तर रट्टा घातला." आणि मग, "कुणाचं चुकलं?"

"फॉर्मवर दोन सह्या आहेत. एक माझी. माझ्या निम्म्यापुढे मी बघितलं नाही, हे माझं. दुसरी ज्यांची आहे त्या येऊन सांगतील."

"त्या म्हणजे त्या? गुण आला म्हणाल्या त्याच?"

मोजणीनं कार्ड तिच्या हातात ठेवलं.

"पाठवा त्यांना," आई म्हणाली. "मी ओरडणार नाही. मला फक्त बघायचंय त्या कशा सांगतात ते."

सोमवारी मोजणीनं तो पत्ता एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर लिहून बाईंच्या टेबलावर ठेवला आणि निरोप सांगितला. बाई म्हणाल्या, "जाते." महिन्याभरात मोजणी खिडकीजवळची खुर्ची सोडून दुसऱ्या इमारतीतल्या रक्तपेढीत गेली, बदली मागून. तिथे तिनं कुणाबरोबर वाटणी केली नाही. अख्खी काच स्वतः बघणार, दुसऱ्याच्या सहीखाली सही करणार नाही. लोक तिला चिकट म्हणायला लागले. पूर्वी ती डबा खाताना नकला करून सगळ्यांना हसवायची, त्या बंद झाल्या. नवऱ्यानं दुरुस्त केलेली घड्याळंही ती रेडिओशी लावून बघायची. तो हसून सोडून द्यायचा, पण मला दुकानात म्हणाला, "तुम्ही हिचं काय नेलंत, तुम्हाला ठाऊक नाही."

तिनं तक्रार केली नाही, कुणाकडे वाच्यता केली नाही. व्हरांड्यात, लिफ्टमध्ये, पगाराच्या रांगेत थोरल्या बाई समोर आल्या की ती एवढंच विचारायची, "गेलात का?" बाई म्हणायच्या, "जाते." निवृत्तीच्या दिवशी सगळे गुच्छ देत होते, बाईंच्या अचूक कामावर भाषणं झाली. मोजणी रांगेत शेवटी आली. हातात काही नव्हतं. "गेलात का?" म्हणाली. बाई म्हणाल्या, "या आठवड्यात नक्की."

थोरल्या बाई गेल्या नाहीत. मोजणी, मी गेले नाही. त्या रविवारला नऊ वर्षं झाली. पत्त्याचा फॉर्म माझ्या पाकिटात आहे, घडीवर फाटला म्हणून मागून पट्टी लावलीये. स्टॉपवर उतरून डावीकडे, तिसरी इमारत, दुसरा मजला. दोनदा त्या स्टॉपपर्यंत बसमध्ये बसून गेले आणि उतरले नाही, पुढे शेवटपर्यंत जाऊन त्याच बसनं परत आले. भिंगरी आता पंधरा-सोळा वर्षांची असेल. ते लोक अजून त्या घरात राहतात की नाही, एवढंसुद्धा मी बघून आलेले नाही.